जर्मनची सबल क्रियापदं: अकारविल्हे यादी बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनची ए-टू पातळी झाली आहे, तिच्या पुढच्या बी-वन पातळीची परीक्षा तीन-चार महिन्यांवर आली आहे आणि क्लासमध्ये 'अनियमित क्रियापदं' म्हणून अकारविल्हे लावलेली लांबलचक यादी मिळाली आहे. रोज दहा पाठ करता, आठवड्याने त्यातली दोन-तीनच आठवतात. फ्रागन म्हणजे विचारणे, त्याचा भूतकाळ फ्राग्टे. ट्रागन म्हणजे वाहून नेणे किंवा अंगावर घालणे, त्याचा मात्र ट्रूग. असं का? यात काही नियम आहे की नुसती घोकंपट्टीच करायची? शिवाय शेवटी तुम्ही विचारलंय की हेंगनचं हिंग बरोबर की हेंग्टे.

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते आहे आणि बी-वनच्या उंबरठ्यावर हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझ्या मते तुमची खरी अडचण स्मरणशक्तीची नाही, यादीच्या मांडणीची आहे. ज्या क्रियापदांची एकमेकांशी सख्खी नाती आहेत ती अकारविल्हे क्रमाने पानापानांवर विखुरली जातात आणि मग सगळंच मनमानी वाटायला लागतं.

आधी प्रश्नाचे दोन तुकडे करू, कारण दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिला तुकडा: अमुक क्रियापद सबल (ट्रागन-ट्रूगसारखा आतला स्वर बदलणारं) आहे की दुर्बल (फ्रागन-फ्राग्टेसारखं शेवटी 'टे' लावणारं), हे मूळ रूपावरून ओळखता येतं का? नाही, खात्रीने येत नाही. दुसरा: सबल आहे हे एकदा कळलं, तर त्याचा भूतकाळ कसा होईल हे सांगता येतं का? हो, बहुतेक वेळा येतं. तुम्ही दोन्ही ओझी एकत्र उचलताय, म्हणून पाठ होत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सांगून टाकते. तुम्हाला मुख्यतः बोलायचं असेल (नर्सिंगसाठी, आउसबिल्डुंगसाठी म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणासाठी जाणारे बरेच जण याच गटात येतात) तर तिसरं रूप, म्हणजे पार्टिट्सिप, आधी पक्कं करा. 'मी गायलो' याला रोजच्या बोलण्यात जर्मन माणूस 'इश हाबे गेझुंगन' म्हणतो, 'इश झांग' (हे दुसरं रूप, साधा भूतकाळ) क्वचित. दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात तर दुसरं रूप बोलण्यातून जवळजवळ गेलंच आहे. फक्त वार (होता), हाटे (जवळ होतं) आणि क्योनन-म्युसनसारख्या साहाय्यक क्रियापदांचे भूतकाळ सगळीकडे चालतात. बातम्या, गोष्टी, अहवाल वाचायचे असतील तर मात्र दुसऱ्या रूपावाचून गत्यंतर नाही. तुमचं शालेय इंग्रजी पक्कं असेल तर अर्धं काम झालेलंच आहे, ते कसं ते पुढे येईल.

आता मूळ मुद्दा. जर्मनिक कुळातल्या सगळ्या भाषांत, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश, आइसलँडिक वगैरेंत, भूतकाळ करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत धातूच्या पोटातला स्वर बदलतो: झिंगन, झांग, गेझुंगन. इंग्रजीतलं सिंग, सँग, संग हे त्याचंच भावंड. दुसऱ्या रीतीत स्वर तसाच राहतो आणि शेपटीला 'ट' किंवा 'ड' लागतो: माखन, माख्टे, गेमाख्ट. याकोब ग्रिम, परीकथांच्या ग्रिम बंधूंतला थोरला, याने 1819 साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन व्याकरणात पहिल्यांना सबल आणि दुसऱ्यांना दुर्बल म्हटलं. सबल क्रियापद स्वतःच्या बळावर भूतकाळ करतं, दुर्बलाला बाहेरून प्रत्ययाचा टेकू लागतो, असा त्याचा विचार होता. या दोन नावांत 'अनियमित' असं काहीच नाही. तो शब्द शिकवण्याच्या सोयीसाठी वापरला जातो आणि त्याने विद्यार्थ्यांचं नुकसानच केलं, असं मला मनापासून वाटतं.

पहिला तुकडा. काउफनचं काउफ्टे आणि लाउफनचं लीफ, लेबनचं लेब्टे आणि गेबनचं गाब, त्सायगनचं त्सायग्टे आणि श्टायगनचं श्टीग. रूप बघून हा फरक कळणं शक्य नाही. पण कोण सबल नाही, हे मात्र बरंच सांगता येतं. नाम किंवा विशेषणापासून बनलेलं क्रियापद दुर्बलच असतं: आन्टवोर्टन, फ्र्यूश्ट्युकन, हायराटन. शेवटी एल्न, एर्न किंवा ईरन हा प्रत्यय असेल तर दुर्बल: लेशल्न, वान्डर्न, श्टुडीरन. (फेरलीरन आणि फ्रीरन ही दिसायला तशीच, पण त्यांत 'ईर' हा धातूचाच भाग आहे, म्हणून ती सबल.) परभाषेतून आलेलं नवं क्रियापद दुर्बलच होतं, गूगल्न आणि चॅटन त्यातलीच.

यातला पहिला नियम बी-वनच्या लेखी परीक्षेत हमखास उपयोगी पडतो. बेआन्ट्रागन म्हणजे अर्ज करणे. विद्यार्थ्याला त्यात ट्रागन दिसतं आणि व्हिसाच्या पत्रात तो आत्मविश्वासाने 'इश बेआन्ट्रूग' लिहून मोकळा होतो. पण हे क्रियापद ट्रागनपासून थेट आलेलंच नाही. आधी आन्ट्राग (अर्ज) हे नाम झालं आणि त्या नामापासून बेआन्ट्रागन. म्हणून बेआन्ट्राग्टे. बेआउफट्रागन आणि फेरआनलासन यांचीही तीच गोष्ट: लासनचं लीस होतं, पण आनलास या नामावरून आलेल्या फेरआनलासनचं फेरआनलास्टे. उलट थेट उपसर्ग लागलेलं क्रियापद मुळाचंच वळण घेतं. श्टेएनचं श्टांड, म्हणून फेरश्टेएनचं फेरश्टांड. कोमनचं काम, म्हणून बेकोमनचं बेकाम. एवढं ध्यानात ठेवलं तरी यादीतल्या कितीतरी ओळी गळून पडतात.

आणखी एक खूण. वर्तमानकाळात 'डू' (तू) आणि 'एर' (तो) यांच्याबरोबर स्वर बदलत असेल तर क्रियापद सबल आहे हे नक्की: एर हिल्फ्ट, एर गिप्ट, एर फेर्ट, एर श्लेफ्ट. दुर्बल क्रियापद असा बदल कधीच करत नाही. हे बदल तुम्ही ए-वनलाच शिकला आहात, म्हणजे सबलांचा मोठा हिस्सा तुम्हाला आधीच ओळखता येतो. फक्त ती ओळख भूतकाळाशी जोडून दाखवलेली नसते.

दुसरा तुकडा जास्त रसाळ आहे, तिथे जरा रेंगाळते.

जुन्या जर्मनिकमध्ये सबल क्रियापदांची सात घराणी होती आणि आजच्या जर्मनमध्ये ती बऱ्यापैकी शाबूत आहेत. कोणतं घराणं, हे धातूतला स्वर आणि त्याच्या पुढचं व्यंजन मिळून ठरतं.

'आय' स्वराची क्रियापदं घ्या. भूतकाळात आणि पार्टिट्सिपमध्ये तिथे 'इ' येते, कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. रायटन, रिट, गेरिटन. ग्रायफन, ग्रिफ, गेग्रिफन. पण ब्लायबन, ब्लीब, गेब्लीबन. श्रायबन, श्रीब, गेश्रीबन. श्टायगन, श्टीग, गेश्टीगन. ऱ्हस्व-दीर्घ कसं ठरतं? पुढे ट, फ, स किंवा ख-श सारखं अघोष व्यंजन असेल तर ऱ्हस्व, ब, ग, न अशांपैकी असेल तर दीर्घ. 'मग श्नायडन आणि लायडन? त्यांत तर ड आहे, तरी श्निट आणि लिट,' अशी शंका वर्गात येतेच. नीट बघा, भूतकाळात त्या 'ड'चा 'ट' झालेला आहे. नियम त्या 'ट'ला लागू पडतो. हा 'ड'चा 'ट' का झाला याची गोष्ट फार सुंदर आहे, पुढे सांगते.

'ई' असेल तर पुढची दोन्ही रूपं 'ओ': फ्लीगन, फ्लोग, गेफ्लोगन, बीटन, बोट, गेबोटन, फेरलीरन, फेरलोर, फेरलोरन. अपवादाला लीगन (पडून असणे) आहे, त्याचं लाग, गेलेगन. ते 'गेबन'च्या घराण्यातलं आहे, फक्त वर्तमानकाळात वेश बदललेला.

ऱ्हस्व 'इ' आणि पुढे न-ग, न-क, न-ड अशी जोडी असेल तर इ, आ, उ: झिंगन, ट्रिंकन, फिंडन, बिंडन, श्प्रिंगन. इथे इंग्रजी हाताशी असतं, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक. पुढे नुसता 'न्न' किंवा 'म्म' असेल तर शेवटचा उ ओ होतो: बेगिनन, बेगान, बेगोनन, श्विमन, श्वाम, गेश्वोमन. ब्रिंगनला मात्र यातून वगळा, त्याचं ब्राख्टे, गेब्राख्ट. काही क्रियापदं (ब्रिंगन, डेंकन, केनन, ब्रेनन) स्वरही बदलतात आणि 'टे'सुद्धा लावतात. ती मोजकीच आहेत, ती मात्र सरळ पाठ करा.

'ए'ची क्रियापदं विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त छळतात, कारण भूतकाळ सगळ्यांचा 'आ' आणि पार्टिट्सिप कधी 'ओ', कधी 'ए'. इथेही व्यंजनाकडे पाहायचं. ए-नंतर ल किंवा र, मग ते एकटं असो की पुढे आणखी व्यंजन असो, किंवा म असेल तर 'ओ': हेल्फन, हाल्फ, गेहोल्फन, वेर्फन, वार्फ, गेवोर्फन, श्टेलन (चोरणे), श्टाल, गेश्टोलन, नेमन, नाम, गेनोमन. श्प्रेशन, ब्रेशन, ट्रेफन हेही याच बाजूचे: गेश्प्रोखन, गेब्रोखन, गेट्रोफन. बाकीचे 'ए'वर परत येतात: गेबन, गाब, गेगेबन, लेझन, लास, गेलेझन, तसंच झेएन, एसन, फेरगेसन, ट्रेटन. हेबनसारखी थोडी फटकून वागणारी (होब, गेहोबन) आहेत, त्यांची यादी लहान आहे.

'आ'ची दोन घराणी. एकात भूतकाळ 'ऊ': फारन, फूर, गेफारन, ट्रागन, ट्रूग, गेट्रागन, वाशन, वूश, गेवाशन. दुसऱ्यात 'ई': हाल्टन, हील्ट, गेहाल्टन; फालन, फील, गेफालन; श्लाफन, श्लीफ, गेश्लाफन. लाउफन-लीफ आणि रूफन-रीफ हेही याच दुसऱ्या घरचे. आ-नंतर ल किंवा न आणि त्याला जोडून व्यंजन असेल तर बहुधा 'ई' किंवा 'इ' (फांगन, फिंग). श्लाफन, लासन, राटन यांना मात्र ही खूण लागू पडत नाही, ती लक्षातच ठेवावी लागतात. दोन्ही घराण्यांत एक सोय आहे: पार्टिट्सिपचा स्वर मूळ रूपाचाच असतो. बोलण्यापुरतं शिकणाऱ्याला इथे जवळजवळ काहीच पाठ करायचं उरत नाही.

याचा वाचताना कसा उपयोग होतो ते पाहा. बातमीत 'फेरश्वांड' आलं. शब्दकोशात ते रूप सापडत नाही, आणि विद्यार्थी अडतो. मी विचारते, 'आ'च्या पुढे काय आहे? न-ड. मग मूळ स्वर कोणता असणार? 'इ'. म्हणजे फेरश्विंडन, नाहीसे होणे. आता 'फेरमीड'. 'ई' दोन घरांतून येऊ शकते, 'आय'च्या किंवा 'आ'च्या. फेरमाडन असं काही क्रियापद नाही, फेरमायडन (टाळणे) आहे. दोन प्रयत्नांत शब्द सापडतो. अकारविल्हे यादी घोकलेल्याला हे करता येत नाही, कारण त्याच्याकडे सुटी रूपं असतात, वाट नसते.

आता थोडं मागे जाऊ. परीक्षेला हे विचारत नाहीत, पण मराठी माणसाला यातलं बरंचसं घरचंच वाटावं असं आहे.

विद्या आणि वेद, बुद्धी आणि बोध, युक्त आणि योग, वृत्ती आणि वर्तन. एकाच धातूत इ-ए, उ-ओ, ऋ-अर् असा स्वरबदल होतो, त्याला संस्कृत व्याकरणात गुण म्हणतात. जर्मनचा आब्लाउट, म्हणजे सबल क्रियापदांतला स्वरबदल, हा याच जुन्या यंत्रणेचा दुसरा वारस आहे. हे ओढूनताणून लावलेलं साम्य नाही, दोन्हींचं मूळ एकच. संस्कृतमध्ये विद् धातूचं परोक्ष भूतकाळाच्या धर्तीचं रूप आहे: एकवचनी वेद, 'मी जाणतो'; अनेकवचनी विद्म, 'आम्ही जाणतो'. गॉथिक भाषेत, जिच्यात चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल उतरवलं, हीच रूपं वाइट आणि विटुम अशी आहेत. आजच्या जर्मनमध्ये इश वाइस आणि विर विसन. एकवचनात जड स्वर, अनेकवचनात हलका. ए-वनला 'वाइस का, विस का नाही' म्हणून तुम्ही वैतागला असाल, तर त्याचं उत्तर वेदकाळाइतकं जुनं आहे.

याच वाटेने साहाय्यक क्रियापदांचं कोडंही सुटतं. इश कान, एर कान. 'एर'ला 'ट' का लागत नाही? कारण क्योनन, म्युसन, द्युर्फन, झोलन, म्योगन यांचा वर्तमानकाळ हा खरं तर जुना सबल भूतकाळ आहे. इश झांग, एर झांग इथेही 'ट' नसतोच. 'पाहून झालं आहे' याचा अर्थ सरकत 'माहीत आहे' झाला, तसं त्यांचं झालं.

आता श्नायडन-श्निटची गोष्ट. कार्ल फेर्नर या डॅनिश अभ्यासकाने 1877 मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. तोवर कोडं असं होतं की संस्कृतमध्ये भ्रातृ आणि पितृ दोन्हींत 'त' आहे, मग जर्मनमध्ये ब्रूडरला 'ड' आणि फाटरला 'ट' का? फेर्नरने वैदिक स्वरांकन पाहिलं. भ्रातृ शब्दात उदात्त पहिल्या अक्षरावर आहे, पितृ शब्दात दुसऱ्यावर. व्यंजनाच्या लगेच आधीच्या अक्षरावर आघात आहे की नाही, यावर जर्मनिकमधलं व्यंजन ठरलं. क्रियापदाच्या रूपांतही आघात असाच फिरत असे, कधी धातूवर, कधी प्रत्ययावर. म्हणून श्नायडन-श्निट, लायडन-लिट, त्सीएन-त्सोग. आघात कधीच हलून गेला, व्यंजनांवर खूण ठेवून. आपल्या वेदपाठकांनी जपलेल्या उदात्त-अनुदात्तांनी एका डॅनिश माणसाला जर्मन क्रियापदांचं कोडं सोडवून दिलं, हे शिकवताना मला दर वेळी आनंद होतो.

आणि हाल्टन-हील्टचं घराणं? गॉथिकमध्ये हाल्डनचा भूतकाळ हेहाल्ड होता. पहिलं अक्षर दुणावायचं, जसं संस्कृतमध्ये कृ-चकार, दृश्-ददर्श. जर्मनमध्ये ती द्विरुक्ती गेली आणि तिच्या जागी 'ई' उरली. दुर्बलांच्या 'टे'बद्दल बहुतेक अभ्यासकांचं मत असं की तो 'करणे' अर्थाच्या क्रियापदाचा अवशेष आहे, संस्कृत धा-चा नातेवाईक. आपण 'डाउनलोड केलं', 'फॉरवर्ड केलं' म्हणतो, तशीच ती रचना. नवा शब्द कुठूनही येवो, शेपटीला 'केलं' जोडलं की भूतकाळ तयार. म्हणूनच दुर्बलांची संख्या वाढत गेली.

मग सगळीच दुर्बल का झाली नाहीत? कारण रोज लागणारी रूपं लहानपणीच तोंडात बसतात. मराठीत पाहा. करणे-केला, जाणे-गेला, येणे-आला, देणे-दिला, घेणे-घेतला, खाणे-खाल्ला. वाकडी वळणं सगळी रोजच्या वापरातली. क्वचित लागणारं क्रियापद निमूट सरळ चालतं. इंग्रजीबद्दल हे मोजूनही झालंय. हार्वर्डच्या अभ्यासकांनी 2007 मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवलं की जुन्या इंग्रजीतल्या 177 अनियमित क्रियापदांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत 145 तशीच होती आणि आज 98 उरली आहेत. वापर शंभर पटीने कमी असेल तर क्रियापद दहा पट वेगाने नियमित होतं. आफ्रिकान्समध्ये तर ही व्यवस्था जवळजवळ पुसली गेली, तिथे गाण्याचंही 'हेट गेसिंग' एवढंच.

जर्मनमध्ये हा बदल तुमच्या डोळ्यांसमोर चालू आहे. बाकनचा (भट्टीत भाजणे) भूतकाळ पूर्वी बूक होता, आज सगळे बाक्टे म्हणतात, पण पार्टिट्सिप अजून गेबाकनच. सबलपणा जातो तेव्हा दुसरं रूप आधी जातं आणि पार्टिट्सिप मागे रेंगाळतं. जर्मन कॉफीच्या पाकिटावर 'गेमालन' (दळलेली) असतं आणि लोण्याच्या वेष्टनावर 'गेझाल्ट्सन' (खारवलेलं), जरी त्यांचे भूतकाळ आता माल्टे आणि झाल्ट्स्टे असे दुर्बल आहेत. उलटा प्रवासही होतो. श्रायबन हे लॅटिनमधून उसनं घेतलेलं, पण ब्लायबनच्या पंगतीला बसलं आणि सबल झालं. आणि तुमच्या फ्रागन-ट्रागनच्या शंकेबद्दल तर सांगायलाच हवं: अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकांनाही हाच मोह झाला होता. ट्रागन-ट्रूगच्या चालीवर 'फ्रूग' हे रूप लिखाणात बरंच रुळलं होतं, मग मागे पडलं. तुम्ही चुकता तिथे भाषकही चुकत होते, यावरून तुमचा कान बरोबर चालतोय एवढं नक्की.

प्रत्यक्ष अभ्यास कसा करायचा? मोठा कागद आडवा धरून सात रकाने आखा, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक आदर्श क्रियापद लिहा: ब्लायबन, फ्लीगन, झिंगन, नेमन, गेबन, फारन, हाल्टन. नवं सबल क्रियापद भेटलं की त्याची रूपं लिहू नका, फक्त ते कोणत्या रकान्यात बसतं ते ठरवून मूळ रूप तिथे टाका. मग रकाना मोठ्याने म्हणा, चाल लावून म्हटलात तर आणखी बरं. आपण पाढे आणि रामरक्षा तशाच शिकलो. कुठेच न बसणारी (गेएन-गिंग, श्टेएन-श्टांड, टून-टाट, झाइन-वार आणि वरची ब्रिंगन मंडळी) आठव्या रकान्यात. तो रकाना फार वाढत नाही. इंग्रजीतलं भावंड शेजारी लिहा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका: इंग्रजीत हेल्प, वॉश, बेक केव्हाच सरळ झाली, जर्मन हेल्फन आणि वाशन अजून सबल आहेत.

आता राहिलं हेंगन. तुम्ही विचारलेली दोन्ही रूपं बरोबर आहेत, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आहेत ना? आपोआप घडतं ते पडणे, दुसऱ्याने घडवलं की पाडणे. स्वर बदलून प्रयोजक. संस्कृत पतति-पातयति यावरून ते आलं आणि जर्मनमध्येही त्याच मुळाची रीत आहे. आपोआपवालं क्रियापद सबल, घडवून आणणारं दुर्बल. फालन-फील म्हणजे पडणे, फेलन-फेल्टे म्हणजे झाड पाडणे. झिट्सन-झास बसणे, झेट्सन-झेट्स्टे बसवणे. लीगन-लाग पडून असणे, लेगन-लेग्टे आडवं ठेवणे. ट्रिंकन-ट्रांक पिणे, ट्रेंकन-ट्रेंक्टे गुरांना पाणी पाजणे. विभक्तीही त्यावरच ठरते: झिट्सनबरोबर 'आउफ डेम श्टूल', झेट्सनबरोबर 'आउफ डेन श्टूल'.

हेंगनमध्ये या जोडीची मूळ रूपं एकसारखी होऊन बसली, भूतकाळ मात्र वेगळे राहिले. भिंतीवर चित्र लटकत होतं: डास बिल्ड हिंग आन डेर वांड. त्याने चित्र टांगलं: एर हेंग्टे डास बिल्ड आन डी वांड. पार्टिट्सिप अनुक्रमे गेहांगन आणि गेहेंग्ट. एरश्रेकनचंही तसंच: मी दचकले, इश एरश्राक, त्याने मला दचकवलं, एर एरश्रेक्टे मिश. शाफन आणि बेवेगन यांचीही दोन-दोन रूपं यादीत दिसतील, तिथे फरक अर्थाचा आहे: शूफ म्हणजे निर्माण केलं, शाफ्टे म्हणजे जमवलं, पार पाडलं; बेवोग म्हणजे प्रवृत्त केलं, बेवेग्टे म्हणजे हलवलं. बी-वनला यांतली शाफ्टे आणि बेवेग्टे लागतील, शूफ आणि बेवोग बी-टूपर्यंत बाजूला ठेवलीत तरी चालेल.